पुड्याची पाठ

"वहिनी, पेपर वाचायला आलायसा व्हय?"

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या आमच्या नेहमीच्या दुकानात मी शेवेचा पुडा उलटा धरून त्यावर भिंग फिरवत उभी होते. भिंग माझ्या वडिलांचं. पितळी कड्याचं, लाकडी मुठीचं. ते त्यानं पंचांग बघायचे. मागं दोघीतिघी खोळंबल्या होत्या. दुकानदार तसा खवचट माणूस नाही, पण त्याच्या बोलण्यावर त्या हसल्या आणि मग मीही हसले. पुड्याच्या तोंडावर सोनेरी शेवेचा डोंगर, वर कोथिंबीर. पाठीवर, चिकटवलेल्या घडीत निम्म्या गेलेल्या ओळीत, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं: बेसन, तेल, मीठ, मिरची, ओवा, हिंग. हिंगापाशी थांबले आणि पुडा परत ठेवला.

"आता हिंगानं काय केलं ओ?"

सांगायला पाच मिनिटं लागली असती आणि मागच्या बायकांना घाई होती. म्हणून इथं सांगते.

माझी लेक मनू आता नऊ वर्षांची आहे. सहाव्या वर्षापासून तिची उंची जागची हलेना. पोट फुगलेलं, हातपाय काटकुळे, चेहरा पांढुरका. दोन वर्षं आम्ही जंताच्या गोळ्या आणि लोहाचं टॉनिक एवढ्यावर काढली. हिमोग्लोबिन जरा वर यायचं, बाटली संपली की खाली. "पोरगी खात नाही, लाड कमी करा," असंही एका ठिकाणी ऐकून आलो. पोरगी तर दोन वेळा चपाती खात होती, आणि तेच तिला बाधत होतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आमच्याही नाही. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ताची तपासणी लिहून दिली, मग दुर्बिणीतून लहान आतड्याचे बारीक तुकडे काढून बघितले. सिलियाक. (कुणाच्या घरी शंका असेल तर एक सांगून ठेवते: तपासण्या पुऱ्या होईपर्यंत गहू थांबवू नका. आधीच बंद केला तर तपासणीत आजार लपून जातो.)

डॉक्टरांनी कागदावर आतडं काढून दाखवलं. आतल्या बाजूला मखमलीसारखी लव असते, अन्न तीच शोषून घेते. या मुलांच्या शरीराला गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन शत्रू वाटतं आणि त्याच्याशी भांडताना शरीर स्वतःचीच लव झडवून टाकतं. खाल्लेलं अंगी लागत नाही ते त्यामुळे. "औषध नाही," ते म्हणाले. "गहू, जव आणि राय बंद. कमी नाही, बंद. जन्मभर."

सासूबाईंना मी आत्ती म्हणते. घरी आल्यावर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग काय झालं? भाकरी हाय की." त्या एका वाक्यावर त्या रात्री मला झोप लागली. दुसऱ्या दिवसापासून फोडणीत मोहरी दिसेना. तीनचार दिवसांनी विचारलं तर म्हणाल्या, "डॉक्टरांनी राई बंद सांगितलीया न्हवं?" राय म्हणजे युरोपात पिकणारं गव्हाच्या जातीचं धान्य. आपल्या स्वयंपाकघरात ते कधी आलंच नाही, त्यामुळे मोहरी सुटली. जव मात्र वेगळ्या नावानं घरात आधीच येऊन बसले होते, ते पुढं सांगते.

आत्ती म्हणाल्या ते बऱ्यापैकी खरंच होतं. पंजाबातल्या आईला हे ऐकून जितका घाम फुटेल तितका कोल्हापूरच्या आईला फुटायचं कारण नाही. जोंधळ्याची भाकरी, भात, आमटी, पिठलं, झुणका, रविवारी तांबडा-पांढरा. यात गहू कुठं आहे? नाचणी, बाजरी, वरी, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा, सगळं चालतं. उपवासाचं ताट तर जणू मनूसाठीच रचलेलं. मी मनात म्हटलं, सुटलो. दहा-बारा दिवस सुटलोच होतो. मग शाळा सुरू झाली, डबा आला, मधल्या सुट्टीतला खाऊ आला, मामाच्या गावचा प्रवास आला, आणि खाऊ म्हटलं की पुडा आला.

पुड्याच्या भानगडीत शिरायच्या आधी एक हिशेब मांडते, कारण तो डोक्यात बसल्याशिवाय हा सगळा आटापिटा वेडेपणा वाटतो. मला स्वतःलाही वाटायचा. मध्यम चपातीला 25-30 ग्रॅम कणीक लागते. तिच्यात दोन ग्रॅमच्या वर ग्लुटेन, म्हणजे दोन हजार मिलिग्रॅमपेक्षा जास्त. आणि रोज 50 मिलिग्रॅम पोटात जात राहिलं तरी या माणसांच्या आतड्याला इजा होते. चपातीचा चाळिसावा भाग धरा. बशीच्या कडेला चिकटून राहतो तेवढा कपटा. आपल्या देशात अन्नसुरक्षेच्या नियमानं ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं असेल तर एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. म्हणजे शंभर ग्रॅमचा अख्खा पुडा खाल्ला तरी पोटात फार तर दोन मिलिग्रॅम. ‘20 मिलिग्रॅम’ वाचून मी आधी घाबरले होते, की मग ‘फ्री’ कशाला म्हणायचं? हा हिशेब केल्यावर निवळले.

आता पाठ.

पहिले काही महिने मी बाळबोधपणे फक्त ‘व्हीट’ हा शब्द शोधायची. तो नसला की पुडा पिशवीत. मग कळायला लागलं की गहू आपल्या नावानं क्वचितच येतो. रवा, सूजी, मैदा, दलिया, शेवया, आटा ही तर आपल्याच घरातली नावं, ती तरी ओळखता येतात. पण मसाला लावलेल्या वेफर्सवर नुसतं ‘सीझनिंग’ लिहिलेलं असतं. सॉसवर ‘स्टार्च’ असतं. ते बहुतेक मक्याचं निघतं, पण कशाचं ते लिहिलेलं असेल तर जीव भांड्यात पडतो. सोया सॉसमध्ये बऱ्याचदा सोयाबीनच्या बरोबरीनं गहू आंबवलेला असतो, हे तर माझ्या गावीही नव्हतं. आणि जव येतात ते ‘माल्ट’ होऊन. मनू अशक्त म्हणून दोन वर्षं तिला रोज रात्री दुधातून जी चॉकलेटी पावडर द्यायचे, ताकदीची म्हणून, तिचा डबा एक दिवस उलटा केला. यादीत पहिल्याच ओळीत जवाचं माल्ट, त्याच्या मागोमाग गव्हाचं पीठ. साहित्य वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायचं असा नियम आहे. म्हणजे त्या डब्यात सगळ्यात जास्त काय होतं, तर तेच. आजारी पोरीला आजारच मी चमच्यानं ढवळून देत होते. त्या दिवशी मी ओट्यापाशी बराच वेळ नुसती उभी होते.

आपल्याकडं माल्ट म्हटलं की नाचणी सत्त्व डोळ्यापुढं येतं, घोळ तिथूनच होतो. नाचणीचं माल्ट चालतं, पण ‘नाचणी माल्ट’ नावाच्या पुड्यातही कुणी गहू घातलेला असतो, तेव्हा पुढचं नाव वाचून उपयोग नाही. मक्याचे साधे कच्चे पोहे चालतात. डब्यातले गोड, कुरकुरीत मक्याचे पोहे बहुधा चालत नाहीत, कारण त्यांना चवीला माल्ट लावलेलं असतं. त्याच्या उलटही होतं. अजिनोमोटोच्या लांबलचक नावात ‘ग्लुटामेट’ वाचून मी एक सूप फेकून दिलं होतं. त्याचा आणि ग्लुटेनचा काही संबंध नाही. आणि दुकानदार? त्याला मी पहिल्यांदा "ग्लुटेन नसलेलं बिस्कीट आहे का?" म्हणून विचारलं तेव्हा त्यानं मोठ्या आत्मविश्वासानं ग्लुकोजचा पुडा काढून समोर ठेवला होता.

सगळं काही नियमांच्या बाहेर चाललंय असं मात्र नाही. यादीच्या खाली एक ओळ असते, बऱ्याचदा ठळक: ‘कंटेन्स व्हीट, मिल्क, सोय’. ज्या पदार्थांनी लोकांना त्रास होतो ते असे वेगळे सांगायचे हे 2020च्या लेबलच्या नियमांत आहे, आणि त्यात ग्लुटेनची धान्यं आहेत: गहू, जव, राय, ओट्स. आता मी आधी तीच ओळ शोधते, मग यादीकडं वळते. त्याच्याही खाली कधीकधी ‘मे कंटेन’ असतं. म्हणजे आम्ही मुद्दाम घातलेला नाही, पण त्याच कारखान्यात गव्हाचंही काही होतं, तेव्हा तुमचं तुम्ही बघा. हे लिहिणाऱ्यांचा मला सुरुवातीला राग यायचा. आता जे काहीच लिहीत नाहीत त्यांची धास्ती वाटते. न लिहिणं म्हणजे नसणं नव्हे. बेसनाच्या एका पुड्यावर ‘मे कंटेन’ आहे आणि शेजारच्या पुड्यावर नाही, तर दुसरा जास्त चांगला की पहिला जास्त खरा? हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. मी दोन्ही ठेवून ज्याच्यावर ‘ग्लुटेन-फ्री’ छापलंय ते घेते आणि महाग पडतं म्हणून रस्ताभर चडफडते.

शाळेच्या दारातल्या टपरीवरच्या पाच रुपयांच्या पुड्यांचा तर प्रश्नच मिटला. शंभर चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान पुड्यावर साहित्याची यादी न छापायची सूट आहे. ती मोठ्या खोक्यावर असली तरी भागतं. आणि खोकं टपरीवाल्यानं सकाळीच फोडून चुलीत घातलेलं असतं.

एकदा वाचलं म्हणजे झालं, असंही नाही. मनूचे एक ठरलेले वेफर्स होते, वर्षभर निर्धोक. एक दिवस पुड्यावर ‘नवी चव’ असा लाल पट्टा आला. मी घाईत होते, पाठ बघितली नाही. रात्री पोट दुखायला लागलं तेव्हा कचऱ्याच्या डब्यातून पुडा काढून, पुसून, भिंगाखाली धरला. होता. सगळ्यात शेवटी, एकच शब्द.

हिंगाचं सांगायचं राहिलं. पहिल्या सहा महिन्यांनी मनूची तपासणी केली तर टीटीजीचा आकडा उतरला होता, पण जितका उतरायला हवा तितका नाही. डॉक्टर म्हणाले, याला वेळ लागतोच, वर्षही जातं, पण घरात कुठून तरी जात नाही ना, ते बघा. मी आणि आत्तींनी रविवारी अख्खं स्वयंपाकघर खाली काढलं. एकेक डबा, एकेक पुडी. संध्याकाळी चारच्या सुमारास फडताळाच्या कोपऱ्यातली हिंगाची पिवळी डबी माझ्या हातात आली. तळव्यात मावेल एवढी. भिंग लावलं. गव्हाचं पीठ, डिंक, हिंग. या क्रमानं!

हिंग म्हणजे एका झाडाच्या मुळातून निघणारा चीक, अफगाणिस्तान-इराणकडून येणारा. तो नुसता वापरवत नाही इतका उग्र, म्हणून पिठात आणि डिंकात मळून त्याला बसतं करतात. बांधानी हिंग म्हणतात तो हा. कुणी मैदा घालतं, कुणी तांदळाचं पीठ. आत्ती म्हणाल्या, "मग खडा हिंग आणू." पण खडा म्हणजे शुद्ध असं काही नाही, खडेही बऱ्याचदा मळूनच केलेले असतात. आमच्या घरात हिंग कशाकशात होता ते मोजायला बसलो: आमटीची फोडणी, लोणचं, उडदाचे पापड, चिवडा, आणि वर्षाची कांदा-लसूण चटणी. एप्रिलमध्ये डंकावर बसून, शिंका देत कुटून आणलेली पाच किलो. त्यात तळून घातलेला हिंग.

ती चटणी मी जावेला देऊन टाकली. कोल्हापूरच्या बाईनं जूनमध्ये पाच किलो चटणी देऊन टाकणं म्हणजे काय, ते कोल्हापूरच्या बाईलाच कळेल.

मग हिशेब केला आणि जरा शरमले. चिमूटभर हिंग, त्यात निम्मं पीठ धरलं, ते पातेलंभर आमटीत आणि आमटी चौघांत. मनूच्या वाटीत येणार दोनतीन मिलिग्रॅम. हिंग निरपराध नव्हता, पण एवढ्या मोठ्या आकड्याचा धनी तो एकटा असणं शक्य नव्हतं. खरा चोर मोठा होता आणि त्याला लेबलच नव्हतं.

तो होता गिरणीत.

आमची गिरण गल्लीच्या तोंडाला. तीस वर्षं तिथंच दळप टाकतोय. जोंधळ्यावर जोंधळा आणि गव्हावर गहू दळायचा, एवढी शिस्त प्रत्येक गिरणीवाला पाळतो, पण ती चवीसाठी. आधीच्याचं ओंजळभर पीठ पुढच्याच्या डब्यात जातं आणि त्याचं मागच्याच्यात, आणि त्याबद्दल कुणी कधी तक्रार करत नाही, शेजारधर्मच तो. मी एक दिवस डबा घेऊन नुसती उभी राहून बघितलं. सुपातून शेवटचा गहू गेला, गिरणीवाल्या मामांनी जात्याच्या तोंडाला दोन टपल्या मारल्या, कापडी पिशवी झटकली आणि आमचा शाळू ओतला. पहिल्यांदा जे पीठ पडलं ते पांढरं नव्हतं, जरासं तांबूस होतं. मामांच्या भुवयांवर, मिशीवर, खांद्यावर पीठ. खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात पीठ तरंगत होतं, आणि त्यातलं जवळजवळ सगळं गव्हाचं होतं. आम्ही सहा महिने मनूला ‘बिनगव्हाची’ म्हणून जी भाकरी घालत होतो ती या पट्ट्यातून आली होती.

मामांना सांगायला जीभ रेटेना. तुमच्या गिरणीचं पीठ माझ्या लेकीला बाधतंय, हे ज्या माणसानं तिला अंगाखांद्यावर खेळवलंय त्याला कसं सांगायचं? शेवटी घरघंटी घेतली, हप्त्यानं. त्यात गव्हाला बंदी. धान्यही निवडून, धुऊन, वाळवून, कारण दुकानात गव्हाच्या आणि जोंधळ्याच्या पोत्यात माप एकच फिरतं. लाकडी पोळपाट-लाटणं माळ्यावर गेलं, तवा वेगळा झाला, भाकरीला लावायच्या पिठाचा डबा वेगळा झाला. मामा अजून विचारतात, "वहिनी, दळप बंद केलासा?" मी म्हणते, "सध्या भातच जास्त होतोय मामा." गव्हाचं त्यांच्याकडं टाकते, आमच्या दोघांपुरतं. मुद्दाम.

पुढच्या तपासणीत आकडा चांगला खाली आला. हिंगामुळं, गिरणीमुळं, की नुसतं वर्ष गेल्यामुळं, ते कुणी ठामपणे सांगू शकत नाही. आत्ती श्रेय घरघंटीला देतात, नवरा हप्त्याला.

त्या सुमारास मी एकदा रात्री जागून या आजाराचा इतिहास वाचला. विलेम डिके नावाचे हॉलंडचे बालरोगतज्ज्ञ. पावानं ही मुलं बिघडतात अशी शंका त्यांना आधीपासून होती. 1944-45चा हिवाळा हॉलंडमध्ये उपासमारीचा गेला, युद्धामुळं पाव मिळेना, लोकांनी ट्यूलिपचे कांदे खाल्ले. आणि एरवी खंगत जाणारी ही मुलं त्या दुष्काळात सावरली. पुढं पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. 1950 साली त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. त्या आयांचा मी विचार करत बसले. चहूकडं माणसं भुकेनं मरतायत आणि आपलं पोर तेवढं अंग धरतंय. कुणाला सांगणार त्या?

आमच्याकडं सांगणारेच फार. सगळ्यात जास्त सल्ला आला खपलीचा. खपली गहू हा आमच्या भागाचा अभिमान. कृष्णा-पंचगंगेच्या काठानं पिकतो, साध्या गव्हापेक्षा महाग, खिरीला आणि पुरणपोळीला त्याच्यासारखा नाही. "तो आताचा संकरित गहू बाधतो पोरांना. खपली द्या, जुना गहू, शुगरवाल्यांना पण चालतोय." लग्नात, रांगेत, रंकाळ्यावर फिरताना, कुणीही. एका पाहुण्यांनी तर पाच किलो आणूनच दिला. खपली जुनी आहे, चवदार आहे, पण ती गहूच आहे आणि तिच्यात ग्लुटेन आहे. शुगरचं पथ्य आणि हे पथ्य यांचा एकमेकांशी संबंध नाही. ते पाच किलो आम्ही खिरीत संपवले, मनू आजोळी गेली होती तेव्हा. चोरून खाल्ल्यासारखी लागली ती खीर.

आत्तींचं शिक्षण चौथीपर्यंत. मी कामाला जाते, दुपारी मनू त्यांच्याजवळ असते आणि पुडे येतातच घरात. लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावं लागतं, मराठीची सक्ती नाही, आणि बहुतेक पुड्यांवर इंग्रजीच. म्हणून मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत ‘व्हीट’, ‘बार्ली’, ‘माल्ट’ ही तीन इंग्रजी नावं काढून फडताळाच्या दाराला लावली. आत्तींनी ती अक्षरं म्हणून नव्हे, चित्रं म्हणून पाठ केली. ‘व्हीट’ म्हणजे पहिल्यांदा झोपाळ्याच्या दोन झोळ्या, मग शिडी. एका दुपारी त्यांचा फोन, आवाज चढलेला: "अगं, घावला! लपून बसलेला. म्होरं दुसरंच कायतरी लिवलंय आणि मागं झोपाळा हाय!" घरी येऊन बघते तो ‘बकव्हीट’. म्हणजे कुट्टू, उपवासाचा, नावात गहू असून गव्हाशी नातं नसलेला. मी सांगितलं हा चालतो. आत्तींनी पुडा हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "मग नाव कशाला लावायचं दुसऱ्याचं?"

पुड्याशी भांडता येतं. परत ठेवता येतं, कंपनीच्या नंबरावर फोन लावून ‘तुमचं स्टार्च कशाचं?’ असं निर्लज्जपणे विचारता येतं. हातावर पडणाऱ्या खाऊला पाठ नसते. समोरच्या काकूंकडं श्रावणात सत्यनारायण असतो. गेल्या वर्षी काकूंनी मनूच्या ओंजळीत प्रसादाचा शिरा ठेवला. रव्याचा, तुपानं चमकणारा, केळं घातलेला. मनू माझ्याकडं बघायला लागली. ओंजळ तशीच. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं हे तिलाही माहीत. काकू म्हणाल्या, "खा की गं बाळ, देवाचं काय हुतंय? थोडाच हाय." आमच्या आजाराचा सगळा वैरी ‘थोडाच हाय’ या दोन शब्दांत बसलेला आहे, पण पूजेच्या घरात ते बोलायचं कसं? मी प्रसाद तिच्या ओंजळीतून माझ्या ओंजळीत घेतला, कपाळाला लावला, खाल्ला. काकूंचा चेहरा उतरला. नंतर जिन्यात गाठून मी त्यांना सगळं सांगितलं, चपातीच्या चाळिसाव्या भागासकट. त्या काही बोलल्या नाहीत. "बरं, जातो मी," एवढंच. (आमच्याकडं बायकाही येतो-जातो म्हणतात. पुण्याची माझी जाऊ पंधरा वर्षांनंतरही यावर हसते.)

मला वाटलं, दुखावल्या.

गेल्या महिन्यात मनूचा वाढदिवस झाला. सकाळी दारात काकू, हातात स्टीलचा मोठा डबा. नाचणीच्या आणि तांदळाच्या पिठाचा केक. डब्याच्या झाकणावर वहीचा कागद खळीनं चिकटवलेला, त्यावर काकूंच्या तिरप्या अक्षरात:

‘नाचणी (धुऊन, तुमच्याच घरघंटीत आत्तींनी दळून दिलेली). तांदूळ पिठी (तशीच). गूळ. तूप घरचं. दूध. वेलची. बेकिंग पावडर. भांडं नवीन. चमचा नवीन. हिंग नाही.’

केकात हिंग नाही, हे वाचून मी हसले आणि मग डोळे पुसले. आत्ती या कटात महिनाभर सामील होत्या आणि मला पत्ता नव्हता. मनू डब्याभोवती नाचत होती. सुरी काढली, आणि सवयीनं कागद परत एकदा वरून खाली वाचला. बेकिंग पावडरपाशी थांबले. तिच्यात स्टार्च असतं. बहुतेक मक्याचंच. बहुतेक.

दोन मिनिटं उभी राहिले. मग फोन लावला.

"काकू, केक फार छान झालाय. एक विचारू का? रागवू नका. ती बेकिंग पावडर... तिचा डबा असेल का अजून?"

"हाय की."

"त्याच्या पाठीवर काय लिहिलंय तेवढं वाचता का? स्टार्च म्हणून असेल कुठंतरी. कशाचं आहे ते."

पलीकडं फडताळ उघडल्याचा आवाज आला, भांडी सरकवल्याचा आवाज आला.

"लई बारीक हाय गं," काकू म्हणाल्या. "थांब, चष्मा आणतो."